गुळवेल

(अमृतवेल; हिं. गिलोय, सं. गुडूची, अमृता, लॅ. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, कुल-मेनिस्पर्मेसी). भारताच्या उष्ण प्रदेशांत सर्वत्र आढळणारी ही मोठी, काटक, पानझडी वेल. मुंबईतील नाहूर-मुलुंड उपनगरांलगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती रानटी अवस्थेत वाढते. खोड मांसल व साल कागदासारखी पातळ, पाने हृदयाकृती. लहान, पिवळट, एकलिंगी फुले बहुधा पाने गळाल्यावर येतात. फळे वाटाण्याएवढी, लाल.

बागेत पावसाळ्याच्या आरंभी पक्व खोडाची छाट कलमे कुंपणालगत किंवा कडुनिंबासारख्या झाडाच्या बुंध्याशी लावतात. पाण्याचा निचरा चांगला असावा. उन्हाळ्यात निष्पर्ण झालेली वेल मेली असे समजून उपटू नये; पहिल्या पावसाच्या सुमारास ती पुन्हा पालवते. खोड तळाशी तुटले, तरी वरच्या भागातून दोऱ्यासारखी मुळे जमिनीकडे उतरतात.

लागवडीपूर्वी वेलीची ओळख पटविणे आवश्यक आहे. टि. क्रिस्पा ही तिच्यासारखी दिसणारी जाती खोडावरील ठळक गाठींवरून ओळखता येते. २०२० मध्ये मुंबईतील डॉक्टरांना गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेले सहा रुग्ण आढळले. वापरलेल्या वनस्पतीची खात्री केली नव्हती, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये घेतला. त्यामुळे ओळख पटलेल्या वेलीचाही काढा वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये.