पाठांतराने न साधणारी परीक्षा

दांडिया बाजार, रावपुरा ह्या भागांतील जुन्या मराठी घरांत अलीकडे एक नवे नाव रुळले आहे : आयईएलटीएस. नातू कॅनडाला किंवा नात ऑस्ट्रेलियाला शिकावयास जाणार म्हटले, की आधी ह्या इंग्रजीच्या परीक्षेची गोष्ट निघते. परदेशी शिक्षण बडोद्याला नवे नाही. १९१३ साली आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते ह्याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर.

ही परीक्षा १९८९ पासून चालू आहे. तीत पास-नापास नसते. शून्यापासून नवापर्यंत 'बँड' मिळतो. पुष्कळ विद्यापीठे साडेसहाची अट घालतात आणि निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. अर्ध्या बँडासाठी वर्षाचा बेत कोसळतो. म्हणून वडीलधाऱ्यांनीही तिचे स्वरूप जाणून घ्यावे, हे बरे.

ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे असे तिचे चार भाग. ऐकण्याचे ध्वनिमुद्रण एकदाच वाजते आणि त्यावर चाळीस प्रश्न असतात. लिहिण्यास एक तास. पहिला मजकूर निदान दीडशे शब्दांचा, दुसरा अडीचशेंचा, आणि दुसऱ्याचे वजन दुप्पट. म्हणून जाणते विद्यार्थी पहिल्यास वीस मिनिटे देतात व दुसऱ्यास चाळीस. बोलण्याच्या भागात परीक्षकाशी अकरा ते चौदा मिनिटे संभाषण होते. त्यात एक विषय देतात, विचारास एक मिनिट मिळते, आणि मग दोन मिनिटांपर्यंत एकट्याने बोलावयाचे असते.

आपली मुले अडखळतात ती इथेच. शाळेत पाठ केलेल्या निबंधावर गुण मिळाले. इथे मात्र पाठ केलेले उत्तर परीक्षक ओळखतो आणि बँड खाली येतो. साहेबी उच्चारांचे सोंगही नको. बोलणे स्पष्ट आणि समजेल असे असले, की पुरे.

भीतीपोटी काही घरांत मात्र निराळाच उपाय सुरू होतो : मुलांशी मराठी बोलणे बंद! हा सौदा तोट्याचा आहे. आपले पूर्वज गायकवाडांबरोबर इथे आले. घरात मराठी राहिली आणि बाजारात गुजराती आली. ती कोणी पुस्तकावरून घोकली नाही. ऐकली, चुकतमाकत बोलली, भाजीवालीच्या हसण्याला न लाजता पुन्हा बोलली. एक भाषा टाकून दुसरी मिळाली, असे झाले नाही. इंग्रजीचीही वाट तीच आहे.

शिवाय दोन मिनिटे ओळीने बोलता येणे हे मुळात विचारांचे काम आहे. पाहिलेल्या नाटकाची हकीकत ज्याला मराठीत नीट सांगता येत नाही, त्याला ती इंग्रजीत तरी कशी सांगता येणार? तेव्हा आजी-आजोबांनी रात्री जेवणानंतर एखादा विषय द्यावा, घड्याळ लावून मिनिटभर थांबावे आणि नातवाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकावे. आधी मराठीत, मग तेच इंग्रजीत. आजीला इंग्रजी येत नसले तरी मुलगा कुठे अडला, हे तिला कळतेच. शिकवणीची फी भरूनही असा रोजचा श्रोता मिळत नाही.