सहावीत परीक्षा नसते का?

‘आठवीपर्यंत नापासच करत नाहीत, म्हणजे परीक्षाही नाही,’ असा समज शहापूर-मुरबाडच्या गावांतही आढळतो. तो समजण्यासारखा आहे, पण बरोबर नाही. महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. त्यात कमी पडल्यास फेरपरीक्षा आणि तीही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहू शकतं. सहावीत मागे ठेवत नाहीत. मोजमाप मात्र वर्षभर चालतं.

त्याला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन (वर्षभर, सर्व अंगांनी प्रगती पाहणं) म्हणतात. राज्यात ते 2010 पासून आहे. त्याचे दोन भाग: आकारिक (वर्गातलं काम, तोंडी, प्रयोग, प्रकल्प, गृहपाठ) आणि संकलित (सत्राअखेरची परीक्षा). सहावीत दोन्हींचा वाटा निम्मा-निम्मा. भाताचं शेत शेतकरी कापणीलाच पाहत नाही; लावणीनंतर पाणी, तण, कीड बघत राहतो. आकारिक नोंदी तेच काम करतात. म्हणून भातलावणीच्या दिवसांत मूल घरी राहिलं, तर बुडतो तो केवळ धडा नव्हे, नोंदीही. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

सहावीपासून उच्च प्राथमिक स्तर सुरू होतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन हवं. पाचवीपर्यंत ते 200 दिवस, 800 तास असतं. सहावीपासूनची शाळा 3 किलोमीटरच्या आत असावी, असं राज्याचे नियम सांगतात. गावची शाळा पाचवीपर्यंतच असेल, तर पुढच्या शाळेची आणि तिथवरच्या वाटेची चौकशी उन्हाळ्यातच करावी.