‘मंडळी’ या शब्दाचा प्रश्न : नागपूरचे १९७० चे चर्च-ऐक्य

मराठी ख्रिस्ती समाज ‘चर्च’ या अर्थी ‘मंडळी’ हा शब्द योजतो. या शब्दात वास्तूचा अर्थ नाही, अधिकारपदाचाही नाही. एकत्र जमलेल्या माणसांचा आहे. ग्रीक ‘एक्लेसिया’ म्हणजे मुळात बोलावून भरविलेली सभाच होय. तेव्हा भाषांतरकारांची ही निवड नेमकी म्हटली पाहिजे. तथापि ज्या समाजाने हा शब्द स्वीकारला, त्याच्या वाट्याला एक मंडळी न येता अनेक मंडळ्या आल्या.

याचे कारण धर्मशास्त्रात शोधण्यापेक्षा नकाशावर शोधणे बरे. मिशनांनी कार्यक्षेत्रे आपसांत वाटून घेतली होती. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले कार्यकर्ते १८१३ मध्ये मुंबईस आले व १८३१ पासून अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे त्यांचे केंद्र उभे राहिले. ही परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे स्थानिक मंडळीलाच सर्वाधिकार मानणारी. कोल्हापुरात अमेरिकन प्रेस्बिटेरियन, तर नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांचे स्कॉटिश मिशन. नगरचा कुणबी वा महार काँग्रिगेशनल झाला आणि कोल्हापूरचा प्रेस्बिटेरियन, तो मतमतांतरे तोलून नव्हे, जिल्ह्यामुळे झाला. युरोपातील जुनी भांडणे अशी दख्खनेत वारशाने उतरली. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापून या चौकटीबाहेर पाऊल टाकले, पण तो मार्ग संस्थांचा नव्हता.

संस्थांचा मार्ग संथ होता. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल एकत्र आले. १९२९ मध्ये लखनौ येथे व्यापक वाटाघाटींना आरंभ झाला. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वात आले. अँग्लिकन, उपरोक्त संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथडिस्ट असे सहा घटक त्यात मिळाले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र अखेरच्या टप्प्यावर बाजूला झाले.

खरी अडचण दोन ठिकाणी होती. पहिली बाप्तिस्म्याची. बॅप्टिस्टांच्या मते तो स्वतः विश्वास प्रकट करणाऱ्यालाच द्यावयाचा. इतर बहुतेक घटक तो अर्भकालाही देत. हा वाद भाषांतरातही शिरलेला होता. बंगालीत बॅप्टिस्ट भाषांतरकारांनी मूळ ग्रीक क्रियापदासाठी ‘बुडविणे’ या अर्थाचा शब्द योजला, तेव्हा १८३० च्या दशकात ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने त्या भाषांतरास साहाय्य नाकारले. मराठीने ग्रीक शब्दच ‘बाप्तिस्मा’ असा उचलला. अर्थ न सांगणारा शब्द दोन्ही पक्षांना चालतो! नव्या चर्चनेही दोन्ही प्रथा पर्याय म्हणून मान्य केल्या.

दुसरी अडचण दीक्षेची. बिशपच्या हस्ते दीक्षा न झालेल्या पाळकांना अँग्लिकन पक्ष पूर्णार्थाने दीक्षित मानीत नसे. उलट आपली पूर्वीची सेवा अपुरी ठरावी हे त्या पाळकांना मान्य होणे शक्य नव्हते. दक्षिण भारतात १९४७ मध्ये जुन्या पाळकांना आहे तसे स्वीकारून हा प्रश्न काळावर सोपविला होता. उत्तरेत सर्वच घटकांच्या सेवकांवर परस्पर हस्तारोपण करण्यात आले. या विधीस ‘पुनर्दीक्षा’ म्हणावयाचे नाही, असा कटाक्ष होता. विधीतून नेमके काय घडते, हे प्रत्येकाने आपल्या परंपरेनुसार समजावे अशी त्याची भाषा होती. टीकाकारांनी हिला संदिग्धता म्हटले. ती होतीच, पण हेतुपूर्वक राखलेली होती, आणि तिच्यावाचून सहा घटक एका विधीत उभे राहते ना.

कायद्याच्या भाषेला अशी संदिग्धता मानवत नाही. गुजरातेतील ब्रेदरेन मंडळीने ऐक्याचा ठराव केला होता; तथापि त्यायोगे नोंदणीकृत संस्था विधिवत विसर्जित झाली का, व तिच्या विश्वस्त निधीची मालमत्ता नव्या चर्चकडे गेली का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २०१३ मध्ये न्यायालयाने दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी दिले.