पिल्लाला पिसवा झाल्या? फवारणीच्या बाटलीला हात लावू नका, आधी घरातली जमीन बघा

पावसाळा सरून दिवाळी जवळ आली की गावोगावी कुत्र्यांची पिल्लं दिसू लागतात. बांधावर, कडब्याच्या गंजीआड, पडक्या भिंतीजवळ जन्मलेलं एखादं पिल्लू पोरं उचलून घरी आणतात. राखणीला कुत्रं लागतंच, म्हणून मोठी माणसंही नाही म्हणत नाहीत. आठ-पंधरा दिवसांत पिल्लू सारखं खाजवायला लागतं, शेपटीच्या बुडाला दातांनी कुरतडतं. घरातल्यांच्या घोट्याभोवती लाल पुरळ उठतं, रात्री गोधडीत काहीतरी चावतं. घरात पिसवा शिरल्यात, हे तेव्हा कुठे ध्यानात येतं.

मग पहिला हात जातो तो शेतातल्या औषधाच्या बाटलीकडे. 'झाकणभर पाण्यात टाकून पिल्लाला पुसून काढू' असा विचार होतो. त्यात पिसवा मरतात, पण कधी कधी पिल्लूही दगावतं. आणि पिल्लू वाचलंच, तर पंधरा-वीस दिवसांत पिसवा पुन्हा हजर होतात. कारण त्यांचं खरं ठाणं पिल्लाच्या अंगावर नसतं, ते घराच्या जमिनीत असतं.

पिसूच आहे ना? खात्री अशी करा

पिसू आणि गोचीड यांत अनेकांची गल्लत होते. गोचीड एका जागी चिकटून रक्त पितो आणि फुगत जातो. पिसू दोन-तीन मिलिमीटरची, तपकिरी, दोन्ही बाजूंनी चपटी असते. तिला पंख नसतात, पण ती केसांतून सुळकन पळते आणि लांब उडी मारते.

पिसू हाताला लागली नाही तरी तिची विष्ठा सापडते. पिल्लाला पांढऱ्या कापडावर उभं करा आणि उवांच्या बारीक फणीने पाठीवरून, शेपटीच्या बुडाशी विंचरा. काळे, मिरपुडीसारखे कण पडले तर ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासा. लालसर डाग उमटला तर ती पिसूची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग मातकट राहिला तर ती नुसती धूळ.

घरात पिसवा आहेत का, हे पाहायचं असेल तर गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून पिल्लू जिथे झोपतं तिथे दोन-चार मिनिटं फिरा. पिसवा असल्या तर मोज्यांवर काळे ठिपके उड्या मारताना दिसतात.

अंगावर थोड्या, जमिनीत जास्त

पिसूची मादी रक्त प्यायल्यावर दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालू शकते. ही अंडी केसांना चिकटून राहत नाहीत, घरंगळून खाली पडतात. पिल्लू जिथे बसतं, लोळतं, झोपतं तिथे अंडी सांडत जातात. बाजेखाली, चुलीमागे, पडवीतल्या गोणपाटावर, कणगीच्या आडोशाला, गोठ्याच्या कोपऱ्यात.

अंड्यातून बारीक, पांढुरकी अळी निघते. तिला उजेड आवडत नाही. ती जमिनीच्या भेगांत, गोधडीच्या शिवणीत, मातीत शिरते आणि धुळीतला कचरा व मोठ्या पिसवांची विष्ठा खाऊन वाढते. मग ती स्वतःभोवती कोश विणते. कोश चिकट असतो, त्यावर धूळ बसते आणि तो मातीसारखाच दिसतो. उबदार आणि दमट हवेत अंड्यापासून पिसू व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर पिसवा वाढतात त्या यामुळे. कडक ऊन आणि कोरडी हवा अळीला सोसत नाही.

जाणकारांचा एक ढोबळ हिशेब असा आहे: एखाद्या घरात पिसवांची जी सगळी पिढी असते, तिच्यातला फक्त पाच टक्के भाग जनावराच्या अंगावर असतो. उरलेला पंच्याण्णव टक्के अंडी, अळ्या आणि कोश यांच्या रूपात आजूबाजूला पसरलेला असतो. म्हणजे पिल्लाला कितीही धुतलं तरी काम पाच टक्केच होतं.

कोशातली पिसू तर फारच चिवट. ती काही महिने आत गप्प राहू शकते. पावलांची धडधड, अंगाची ऊब, श्वासाची हवा जाणवली की बाहेर उडी घेते. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेरगावी गेलेलं कुटुंब काही महिन्यांनी घर उघडतं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांचे पाय चावून निघतात, ते यामुळेच.

पिल्लाला धोका काय?

मोठ्या कुत्र्याला पिसवांनी खाज येते, केस गळतात, जखमा होतात. लहान पिल्लाचं प्रकरण वेगळं आहे. एक मादी दिवसाला तिच्या वजनाच्या पंधरा पट रक्त पिऊ शकते. किलो-दीड किलोच्या पिल्लावर अशा शेकडो पिसवा असतील तर त्याच्या अंगात रक्तच उरत नाही.

पिल्लाचा ओठ वर करून हिरड्या बघा. निरोगी हिरडी गुलाबी असते. ती फिकट किंवा पांढरी दिसली, पिल्लू सुस्त पडलं, दूध प्यायला उठेना, तर वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. शेळीच्या करडांनाही या पिसवांमुळे असंच रक्त कमी पडतं, तेव्हा गोठ्यात करडं असतील तर त्यांच्याकडेही बघा.

दुसरं म्हणजे पट्टकृमी. या जंताची पिल्लं पिसूच्या पोटात असतात. खाजवताना कुत्रं पिसू गिळतं आणि त्याच्या पोटात जंत होतात. शेपटीखाली किंवा विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे हलणारे तुकडे दिसले तर तो हा जंत. पिल्लाशी खेळताना लहान मुलाच्या तोंडात पिसू गेली तर त्यालाही तो होऊ शकतो. पिल्लाला हात लावल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावा.

शेतातलं औषध का नको?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. औषध पोटात घेतलं नसतानाही, कातडीतून आणि श्वासातून गेलेल्या विषाने धडधाकट माणसं गेली. तेच औषध किलोभर वजनाच्या पिल्लाच्या सगळ्या अंगाला चोळलं तर काय होईल? त्यात पिल्लू स्वतःचं अंग चाटतं, म्हणजे विष पोटातही जातं.

'डॉक्टर कुत्र्याला फिप्रोनिल देतात, आपल्याकडे तेच आहे' असंही काही जण म्हणतात. नाव एक असलं तरी माल एक नसतो. कुत्र्यांसाठीच्या फिप्रोनिल स्प्रेमध्ये औषधाचं प्रमाण ०.२५ टक्के असतं. शेतातल्या फिप्रोनिलच्या द्रावणात ते ५ टक्के असतं, म्हणजे वीस पट. शिवाय ते पातळ करण्यासाठी वापरलेली इतर रसायनं जनावराच्या अंगासाठी बनवलेली नसतात.

गाई-म्हशींच्या गोचिडांवरचं औषधही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिल्लाला लावू नका. घरात मांजर असेल तर दुप्पट सावध राहा. परमेथ्रिन हे कुत्र्यांना चालणारं औषध मांजराचा जीव घेऊ शकतं.

रॉकेल, डिझेल, तंबाखूचं पाणी, डांबरगोळ्यांची पूड, कापूर हे जुने उपायही सोडा. यांनी कातडी भाजते किंवा विषबाधा होते. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्याने मोठ्या कुत्र्याला अंघोळ घालायला हरकत नाही, पण तेवढ्याने पिसवा हटत नाहीत.

चुकून विषारी औषध लागलंच आणि पिल्लाच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंग थरथरलं, झटके आले, तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून कोमट पाणी आणि साबणाने अंग धुवा आणि कोरडं करा. उलटी करवू नका, तोंडातून दूध-तूप घालू नका. औषधाची बाटली सोबत घेऊन थेट डॉक्टरांकडे जा.

पिल्लावर काय करायचं?

पिल्लू महिन्याच्या आतलं असेल तर सगळ्यात बिनधोक औषध म्हणजे फणी.

• दुपारच्या उन्हात बसून उवांच्या फणीने रोज विंचरा. शेजारी साबणाच्या पाण्याचं भांडं ठेवा आणि फणी त्यात बुडवत राहा. साबणाच्या पाण्यात पिसू बुडून मरते, साध्या पाण्यातून ती उडी मारून निघते.
• अंघोळ घालायची तर कोमट पाणी आणि सौम्य साबण घ्या. आधी मानेभोवती फेसाचं कडं करा, नाहीतर पिसवा पळून डोळ्यांत, कानांत शिरतात. डोळे-नाक-तोंड सांभाळा.
• लगेच कोरड्या फडक्याने पुसून उबेत ठेवा. लहान पिल्लू गारठ्यानेही मरतं, म्हणून रोज अंघोळ नको.
• पिल्लू आईजवळ असेल तर आईवरही उपचार हवा, नाहीतर तिच्या अंगावरून पिसवा पुन्हा येतात. तिला काय लावायचं हे डॉक्टरांना विचारा, कारण पिल्लं तिला चाटतात आणि दूध पितात.

आठ आठवड्यांपुढच्या पिल्लाला मानेवर टाकायचे थेंब किंवा खायची गोळी मिळते. ती वजनावर ठरते. म्हणून पिल्लाचं वजन करून डॉक्टरांकडूनच घ्या. मोठ्या कुत्र्याची गोळी मोडून अर्धी देऊ नका. घरात जेवढी कुत्री-मांजरं आहेत, त्या सगळ्यांवर एकाच दिवशी उपचार करा, प्रत्येकाला त्याचं त्याचं औषध.

घरात काय करायचं?

खरं काम इथे आहे आणि त्याला पैशापेक्षा कष्ट जास्त लागतात.

• पिल्लू झोपतं ते गोणपाट जाळून टाका किंवा उकळत्या पाण्यात भिजवून धुवा. पुढे त्याला एकच जुनी चादर द्या, ती दर आठवड्याला गरम पाण्यात धुता येते.
• गोधड्या, वाकळा, चटया गरम पाण्यात धुवा. धुता येत नसतील तर सलग काही दिवस कडक उन्हात, दोन्ही बाजूंनी उलटून टाका.
• रोज झाडा. बाज, कणगी, पेट्या हलवून त्यांच्याखालचं झाडा. कोपरे आणि भेगा खराट्याने खरवडून काढा. निघालेला केर उकिरड्यावर न टाकता जाळा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा.
• घर मातीचं असेल तर भेगा आधी साफ करा, मग बुजवा आणि सारवा. भेगा तशाच ठेवून वरून सारवलं तर उपयोग होत नाही. सारवण पूर्ण वाळू द्या, कारण ओल अळ्यांना मानवते.
• फरशी असेल तर साबणाच्या गरम पाण्याने पुसा, सांधे ब्रशने घासा.
• अंगणात पिल्लू बसतं त्या सावलीतला पालापाचोळा काढा. तिथे ऊन येईल असं बघा.

रात्री पसरट ताटात साबणाचं पाणी घेऊन वर दिवा लावला की पिसवा उजेडाकडे उड्या मारून ताटात पडतात. त्याने घर साफ होत नाही, पण पिसवा कमी होतायत का हे रोज मोजता येतं.

घरात फवारायचंच असेल तर 'घरगुती वापरासाठी' असं स्पष्ट लिहिलेलं औषधच आणा आणि डब्यावरच्या सूचना पाळा. धान्य, पाण्याची भांडी, चुलीजवळची भांडी आधी बाहेर काढा. मुलं, कोंबड्या, जनावरं बाहेर ठेवा. जमीन पूर्ण वाळल्यावर आणि दारं-खिडक्या उघडून वारा खेळल्यावरच आत या.

'औषध लागू पडलं नाही' असं लगेच म्हणू नका

सगळं करूनही दोन-तीन आठवड्यांनी नव्या पिसवा दिसतात. बरेच जण इथे कंटाळून हात टेकतात किंवा जास्त जहाल औषध आणतात. खरं तर कोशात दडलेल्या पिसवांपर्यंत औषध पोचतच नाही. त्या आता बाहेर येत असतात. झाडणं, धुणं चालू ठेवलं आणि पिल्लाचं औषध ठरल्या तारखेला परत दिलं, तर त्या अंडी घालण्याआधीच मरतात. हे किमान तीन महिने चालवायचं. मधेच सोडलं तर पहिल्यापासून सुरुवात.

माणसांना त्रास

पिसू बहुतेक पायांना चावते. तिथे साबण-पाणी लावा, खाजवू नका. पुरळात पू झाला किंवा ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

पिसू म्हटलं की जुन्या माणसांना प्लेग आठवतो. १९९४ साली बीड जिल्ह्यात प्लेगची साथ आली होती. पण प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. कुत्र्याच्या अंगावर नेहमी आढळणारी पिसू वेगळ्या जातीची असते. पिल्लाला पिसवा झाल्या म्हणून घाबरून त्याला रस्त्यावर सोडायचं कारण नाही. घरात किंवा परिसरात बरेच उंदीर एकाएकी मरून पडू लागले, तर मात्र हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

दवाखान्यात जाताना

पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. डॉक्टरांना पिल्लाचं अंदाजे वय, वजन आणि आतापर्यंत काय काय लावलं हे खरं सांगा. शेतातलं औषध लावलं असेल तर लाजून लपवू नका, उपचार त्यावरच ठरतो. त्याच फेरीत जंताचं औषध घ्या आणि पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस कधी टोचायची, ती तारीख लिहून आणा.