जाळीचा दिवा

चंद्रपूर, वणी, उमरेड या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत. आपल्यातली कितीतरी माणसे तिथे पाळीवर जातात. म्हणून खाणीतल्या एका दिव्याची माहिती आज आम्ही सांगतो.

कोळशाच्या थरात मिथेन नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेच्या १०० भागांत तो ५ ते १५ भाग झाला आणि ठिणगी पडली, की स्फोट होतो.

१८१२ साली इंग्लंडातील फेलिंगच्या खाणीत मोठा स्फोट झाला. ९२ माणसे व मुले दगावली. त्या काळी मजूर उघडा दिवा घेऊन खाली उतरत. दिवा न्यावा तर स्फोटाचे भय, न न्यावा तर अंधार!

१८१५ साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने तोड काढली. त्याने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसविली. उकळत्या आमटीत पळी राहिली तर तिचा दांडा तापतो ना? धातू उष्णता ओढून घेतो. जाळीच्या ताराही तेच करतात. आत वायू पेटला तरी आग जाळीपाशी निवते, बाहेर जात नाही. शिवाय हवेत वायू असला की ज्योतीवर निळी टोपी दिसे. मजूर सावध होत.

मग स्फोट थांबले का? नाही. जाळी गंजे. ठोकर लागून तार तुटे. त्या एका भोकातून आग बाहेर पडे. म्हणून रीत पडली, की दिवा आधी तपासायचा, त्याला कुलूप लावायचे, मगच मजुराच्या हाती द्यायचा.

आता टोपीवर विजेचा दिवा असतो. वायू मोजायला यंत्र असते. पण गोष्ट तीच. बिघडलेले यंत्र खोटा आकडा दाखविते, आणि माणूस त्यावर विश्वासून पुढे जातो. उघड्या खाणीत डंपरचा ब्रेक ढिला, मागे येतानाचा भोंगा बंद, तरी कुणी म्हणतो, "चालेल हो, उद्या पाहू." तो उद्या कुणाकुणाला दिसत नाही.

बंधूंनो, भगिनींनो, आता आपल्याला अक्षर आले आहे. तपासणीची वही वाचा. बिघाड दिसला तर लिहा, वरच्याला सांगा. दुरुस्ती झाल्याखेरीज यंत्र चालवू नका. न पाहता सही करू नका. त्या सहीवर आपला आणि सोबत्याचा जीव असतो.