वर कायदा, खाली मर्जी

पश्चिम लंडनमधल्या हाउन्स्लोत एका दुमजली विटांच्या घरात, जिन्याखालच्या कपाटात गॅसचा मीटर आहे. गॅस इंजिनिअर गुडघ्यांवर बसतो, मीटरच्या तपासणी-तोंडाचा स्क्रू सैल करतो आणि तिथे रबरी नळी चढवतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला मॅनोमीटर: इंग्रजी यू अक्षरासारखी वळवलेली, पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि शेजारी मोजपट्टी. आधी तो पाइपमधला दाब ७ ते १० मिलिबारच्या मध्ये आणून मुख्य कॉक बंद करतो आणि एक मिनिट थांबतो. या मिनिटात दाब वाढला, तर बंद कॉकमधूनही गॅस झिरपतोय. तसं असेल तर पुढची चाचणी फसवी ठरते, कारण पाइपमधून गळणारा गॅस मागून भरून निघत राहील. दाब जागचा हलत नाही. मग तो २० मिलिबारवर नेऊन कॉक पुन्हा बंद करायचा, एक मिनिट गॅस स्थिरावू द्यायचा आणि त्यानंतर पूर्ण दोन मिनिटं पाण्याच्या पातळीकडे बघत राहायचं.

पातळी तशीच राहते. पाइप घट्ट आहे.

हा मीटर वरच्या मजल्याचा. तिथे भाडेकरू राहतात. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई आणि त्यांचे यजमान राहतात. दोघंही मूळचे साताऱ्याकडचे, बऱ्याच वर्षांपासून इथे स्थायिक. वरच्या मजल्याची तपासणी दर वर्षी ठरलेल्या वेळी होते, कारण ती करून घ्यावीच लागते. भाड्याच्या घरात मालकाने दिलेली गॅसची उपकरणं आणि त्यांचे धूरमार्ग दर १२ महिन्यांनी नोंदणीकृत इंजिनिअरकडून तपासून घेण्याचं बंधन १९९८च्या गॅस सुरक्षा नियमांनी मालकावर घातलं आहे. तपासणी झाली की २८ दिवसांच्या आत तिची नोंद भाडेकरूच्या हातात पडायला हवी. नवा भाडेकरू येत असेल, तर तो राहायला येण्याआधीच. मालक पुण्याला परतला आणि लंडनचं घर भाड्याने दिलं, तरी ही जबाबदारी त्याच्याच नावावर राहते.

वरच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात कॉम्बी बॉयलर आहे. रेडिएटरमध्ये फिरणारं पाणी आणि नळाचं गरम पाणी, दोन्ही तोच तापवतो. इंग्लंड आणि वेल्समधल्या दर चार घरांपैकी जवळपास तीन घरांची ऊब गॅसवर चालते, त्यामुळे असं कपाट जवळजवळ प्रत्येक गल्लीत सापडतं. इंजिनिअर बॉयलर पूर्ण क्षमतेने चालवतो, धूरमार्गावरच्या छोट्या तोंडाचं बूच काढतो आणि आत धातूची सळई सरकवतो. सळईला जोडलेल्या यंत्रावर कार्बन डायऑक्साइडचा आकडा चढत ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. ज्वलन नीट असल्याची ती खूण. पण त्याची नजर कार्बन मोनॉक्साइडच्या ओळीवर आणि दोन्ही वायूंच्या गुणोत्तरावर असते. गॅसला हवा कमी पडली किंवा बर्नरमध्ये बिघाड झाला, की बदल आधी तिथे दिसतो. मग तो बाहेर जाऊन भिंतीतून निघालेला धूरमार्ग पाहतो: तोंड मोकळं आहे ना, एखाद्या खिडकीच्या फार जवळ नाही ना. शिवाय बॉयलरची सुरक्षा-यंत्रणा बिघाडाच्या वेळी खरोखर गॅस तोडते की नाही, हेही तपासायचं असतं.

या नियमांमागे माणसांचे जीव गेले आहेत. १६ मे १९६८ रोजी पहाटे पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर एका बाईंनी चहासाठी काडी पेटवली. शेगडीच्या जोडणीतला पितळी नट निकृष्ट होता. तो तुटून घरात गॅस साचला होता. स्फोटाने भिंत बाहेर फेकली गेली आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जणांचा जीव गेला, सतरा जण जखमी झाले. त्यानंतर १९७०मध्ये गॅस बसवणाऱ्यांची नोंदणी करणारी संस्था उभी राहिली. आज ते काम गॅस सेफ रजिस्टर पाहतं. ग्रेट ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००९पासून. म्हणून दारात आलेल्या इंजिनिअरचं ओळखपत्र उलटून बघायचं. पुढच्या बाजूला फोटो, क्रमांक आणि मुदत असते. तो कोणकोणत्या उपकरणांवर काम करू शकतो, हे मागच्या बाजूला लिहिलेलं असतं.

गळक्या गॅसचा निदान वास तरी येतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. माणूस सर्दी-पडसं समजून अंथरूण धरतो आणि नेमका त्याच घरात पडून राहतो. ताप नाही, घराबाहेर गेल्यावर बरं वाटतं, घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी त्रास होतोय, या खुणा दिसल्या की बाहेर पडायचं. हवा खेळत नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर लावून आंघोळीला गेलेली माणसं दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रातही येतात. तिथेही मारेकरी हाच.

खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई चहा टाकतात आणि सांगतात, त्यांनी स्वतःच्या बॉयलरसाठी महिन्याच्या हप्त्याची देखभाल योजना घेतली आहे. अशा योजनेत बॉयलर बंद पडला की माणूस येतो, आणि बहुतेक योजनांत वर्षातून एकदा सर्व्हिसिंगही असतं. पण ते मागून घ्यावं लागतं, तारीख ठरवावी लागते. त्यांनी ती ठरवलीच नव्हती. रेडिएटरमध्ये साठलेला गाळ आणि पाण्याचे क्षार यांचा खर्च पुष्कळदा योजनेबाहेर असतो. आणि दर वर्षी सर्व्हिसिंग झालं नसेल, तर निर्मात्याची वॉरंटीही हातची जाऊ शकते. वरच्या मजल्याकरता योजना घेतली असती, तरी प्रमाणपत्र वेळेवर मिळवण्याची जबाबदारी त्यांचीच राहिली असती.

स्वतःच्या राहत्या घरासाठी मात्र वार्षिक तपासणीची सक्ती नाही. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२पासून भाड्याच्या घरात बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. मालकाच्या घरात आधीपासून असलेल्या जुन्या बॉयलरला तो नियम लागू नाही. एकाच छपराखाली भाडेकरूच्या जिवाची काळजी कायदा घेतो आणि मालकाची त्याच्या मर्जीवर सोडतो.

बाई विचारतात, ‘आमचाही बघाल का, आज आलाच आहात तर?’ इंजिनिअर होकार देतो. खालचा पाइप घट्ट निघतो, बॉयलरचे आकडेही ठीक. मग तो भिंतीवरचा अलार्म उतरवून मागची बाजू उजेडात धरतो. हिरवा दिवा लुकलुकतोय, पण अलार्म बदलण्याची छापील तारीख केव्हाच उलटून गेली आहे. अशा अलार्मचा सेन्सर ठराविक वर्षंच भरवशाचा असतो आणि बॅटरी चालू असली तरी त्याचं वय लपत नाही. इंजिनिअर ते कागदावर लिहून देतो. बाई त्याच दुपारी नवा अलार्म मागवतात आणि कॅलेंडरवर पुढच्या वर्षीच्या याच आठवड्यात दोन्ही मजल्यांची तपासणी एकत्र लिहून ठेवतात.