मे फ्लॉवर फुलून गेल्यावर
मे महिन्यात लालभडक चेंडूसारखा फुलणारा, मूळचा आफ्रिकेतला मे फ्लॉवर आठ-दहा दिवसांत कोमेजतो. तेव्हा फक्त फुलाचा दांडा बुडाशी कापावा, पानांना हात लावू नये. पावसाळाभर हिरवीगार राहणारी ही पानंच पुढच्या फुलासाठी कंदात अन्न साठवतात. या काळात अधूनमधून मूठभर गांडूळखत द्यावं. कुंडीत पाणी साचलं तर कंद सडतो. दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत बंद करावं. कंद न उकरता कुंडी सावलीत कोरडी ठेवावी. एप्रिलमध्ये पाणी सुरू केलं की कोंब वर येतो. मात्र कंद विषारी असतो. लहान मुलं आणि मांजर-कुत्र्यांपासून तो दूर ठेवावा.